डोकरीच्या झाडाखाली

फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५४. शाळा सकाळी सातला भरली. पट एकोणीस. हजर: पाटलाची धाकटी मुलगी, तिच्या सोबतीला आलेली तिची आतेबहीण आणि मास्तरीण, म्हणजे मी. गैरहजर: सतरा.

ही नोंद माझ्या स्वतःच्या वहीतली आहे. शाळेचा हजेरीपट शाळेतच राहिला. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या, कपाटाच्या दाराआड कपड्यांची यादी, उशाशी उद्याच्या कामांचा कागद. लोक हसतात, पण हरवलेली किल्ली विचारायला माझ्याकडेच येतात. त्या दिवसाच्या पानावर आणखी काहीच लिहिलेलं नाही. सतरा हा आकडा तेवढा दोनदा गिरवला आहे.

ती शाळा सालेकशाच्या स्टेशनापासून चार कोस आत, जंगलातल्या चाळीस घरांच्या गावी होती. मुलींची शाळा तिथे पहिल्यांदाच निघाली होती, तीही एका वर्षाच्या बोलीवर. चैत्रात डिप्टी साहेब तपासणीला येणार, निदान पंधरा मुली समोर बसलेल्या दिसल्या तर शाळा पुढे चालणार, नाही तर बंद होणार. बंद झाली की मला मुर्रीला भावाच्या घरी परत जावं लागणार होतं.

भावाचं घर वाईट नव्हतं. आम्ही पवार, माळव्यातून आलेल्या पूर्वजांच्या गोष्टी सांगत धान पिकवणारे. घरात वीस माणसं, चार बैलजोड्या, भरलेल्या कोठ्या. मी बाराव्या वर्षी विधवा होऊन त्या घरात परतले तेव्हापासून माझं काम ठरलं होतं: दुसऱ्या कोणाला जे नको असेल ते करायचं. कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त जेवताना कोणी माझ्याशी बोलत नसे, कारण सगळ्यांचं झाल्यावर मी जेवायला बसे. नागपूरला ट्रेनिंगला जायची परवानगी मिळवायला मला चार वर्षं लागली. एकदा परत गेले असते तर पुन्हा बाहेर पडणं नव्हतं, हे भावालाही ठाऊक होतं आणि मलाही.

म्हणून त्या गावात टिकून राहणं भाग होतं. पण टिकणं जमत नव्हतं.

गावात गोंडी चाले, दोनचार घरांत छत्तीसगढी. माझ्याशी बोलायचं झालं तर झाडीबोली. पण बोलायचं होतच नसे. शाळा अकराला सुटे, तिथून दुसऱ्या दिवशीच्या सातपर्यंत वीस तास उरत. मी त्यांची वाटणी केली. स्वयंपाक, धुणं, शिवण, वाचन, झोप. तरी पाच तास शिल्लक राहत आणि त्यांच्यापुढे काय लिहावं ते सुचत नसे. एकदा मी शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत बोललेले शब्द मोजले. अकरा भरले. त्यातले सात बकरीशी बोललेले होते.

नागपूरच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर एक वयाने मोठी बाई होती. तीही विधवा, तीही शिकायला आलेली. ती रोज पहाटे उठून पाठ ताठ करून बसे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "श्वास येतो, जातो. तो बघायचा. त्याच्यामागे जायचं नाही. एकटेपण आलं तर त्यालाही असंच बसू द्यायचं." ती मला एवढंच शिकवून गेली. गावात माझ्यापाशी दुसरं औषध नव्हतं, म्हणून मी ते सुरू केलं आणि माझ्या पद्धतीने सुरू केलं. वहीत रकाने आखले: तारीख, बसण्याची वेळ, उठण्याची वेळ, श्वास, मन किती वेळा पळालं. मोजायला हातात चिंचोके. दर वीस श्वासांना एक चिंचोका डाव्या मुठीतून उजव्या मुठीत. महिन्याच्या शेवटी बेरीज केली तर श्वास वाढले होते आणि मन पळण्याच्या वेळाही तितक्याच वाढल्या होत्या. एकटेपणाचा रकाना मी आखला नव्हता, पण त्यात काय भरावं लागलं असतं ते मला माहीत होतं.

मग मी ठरवलं की दोष जागेचा आहे. शाळेच्या खोलीत वटवाघळं होती, आणि भिंतीकडे पाहिलं की तिच्या कडेने अंथरलेल्या, मुलींच्या बसायच्या रिकाम्या पट्ट्या दिसत. बाहेर जागा हवी. पूर्वेला तोंड, पायवाटेपासून दूर, मुंग्या नकोत, वर फांद्या हव्यात. शाळेमागच्या बांधाच्या पलीकडे एक भला मोठा मोह होता. माझ्या चारही अटींत बसला. पानगळ झाली होती, बुंध्याभोवती वाळल्या पानांचा घोटाभर थर. अस्वच्छ जागी मला बसवत नाही. खराटा घेऊन मी झाडाखालची सगळी जमीन फांद्या पसरल्या होत्या तिथवर गोल झाडली, पाला एका बाजूला लोटला आणि जाळला. राखही सारखी केली. फार छान दिसत होतं. तीन दिवस मी पहाटे तिथे जाऊन बसले. चौथ्या दिवशी वर लिहिलेली हजेरी.

"बाकीच्या कुठे आहेत?" मी विचारलं.

पाटलाच्या मुलीने पाटीवरची पेन्सिल थांबवली नाही. "नाई येत त्या."

"का?"

"तुमी डोकरीचं झाड घेतलं मनून."

"मी कोणाचं काही घेतलेलं नाही."

"घेतलं ना. झाडलं, जाळलं. सारं गाव पाहून राहिलं होतं." हे आतेबहिणीने सांगितलं. तिला बोलायला मिळाल्याचा आनंद झाला होता. "माही माय मने, शिकलेले लोक लय हुशार रायतेत. बोलत नाई, झाडतेत."

"आणि तुम्ही दोघी कशा आलात?"

"बाबानं धाडलं," पाटलाची मुलगी म्हणाली. "शाळेची खोली त्यानं देली. शाळा बुडली तं लोक त्यालेच हासतील."

मी दोघींना बेरजा घालून दिल्या आणि तशीच पाटलाकडे गेले. त्याने सांगितलं ते असं. त्या भागात प्रत्येक मोहाच्या झाडाला धनी असतो, जमीन कोणाचीही असो. फुलं गळायच्या आधी, होळीच्या सुमाराला, धनी झाडाखालची जागा झाडतो आणि पाला जाळतो, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. ज्याने झाडलं त्याचं झाड, त्या हंगामापुरतं. बोलावं लागत नाही, लिहावं लागत नाही. शाळेमागचा मोह गाव जिला डोकरी म्हणे त्या एकट्या म्हातारीचा होता. तिचा मुलगा चहाच्या मळ्यांवर आसामात गेला, तो आलाच नाही. म्हातारी त्या एका झाडाच्या फुलांवर वर्ष काढी: वाळवून खाई आणि बदल्यात मीठ, तांदूळ घेई. यंदा ती आठ दिवस हिवतापाने झोपून होती, म्हणून तिचं झाडायचं राहिलं होतं. तिच्यासाठी दुसऱ्या कोणी झाडावं की नाही याचा विचार गाव करत होतं, तेवढ्यात मास्तरीण खराटा घेऊन पोचली.

"तुम्ही मला आधीच का सांगितलं नाही?"

"आमाले वाटलं तुमाले मालूम हाये," पाटील म्हणाला. "इतकं चांगलं कोन झाडते न समजून?"

म्हातारीच्या घरी जाताना मी वाटेत चार मुद्दे पाठ केले. ती दारात उन्हाला घोंगडं पांघरून बसली होती. मी पहिला मुद्दा काढला, की मला रीत ठाऊक नव्हती.

"किती फुलं घेतली?" तिने मधेच विचारलं.

"अजून फूल पडलंच नाही, आजी."

"ते मले दिसते. पडल्यावर किती घेशील?"

"एकही नाही. मला फुलं नकोत."

"मंग झाडलं कायले?"

"बसायला."

"कोनाची वाट पाहून राहिली होती?"

"कोणाची नाही. डोळे मिटून बसते. इथे एकटं वाटतं, ते वाटू नये म्हणून."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आधी तोंडाकडे, मग पायांकडे. "एकटं वाटते मनून उठून एकटी जाऊन बसते," ती म्हणाली. "आन् हे शिकायले नागपूरले गेली होती?"

माझे उरलेले तीन मुद्दे मी सोडून दिले.

"मी परत पानं आणून पसरते," मी म्हटलं. वेडेपणाच होता, पण दुसरं सुचेना.

"जाळलेली पानं कुठून आनशील?" ती खोकत खोकत हसली. "आता आयक. झाडलं तं झाड राखा लागते. फूल सरेपावतर. ज्यानं झाडलं त्याच्या हातानं फूल नाई उचललं तं झाड दुसऱ्या साली रुसते. उद्यापासून पाहाटेले ये. टोपलं मी आनतो."

ही खरी रीत होती की तिने तिथल्या तिथे तयार केलेली, ते मला आजवर कळलेलं नाही. नंतर पाटलाला विचारलं तर तो नुसता हसला.

दोन दिवसांनी फूल गळायला लागलं. मी पोचले तेव्हा म्हातारी आधीच येऊन बसली होती, शेजारी टोपलं आणि काठी. "इकडं पाठ कर," ती म्हणाली. मोहाला अस्वलं येतात. दोन माणसं असली तर एकाने एका बाजूला पाहायचं, दुसऱ्याने दुसऱ्या, म्हणून पाठीला पाठ लावून बसायचं. उजाडेपर्यंत फूल उचलायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही, कारण पाचोळा वाजला तर ऐकू यायला हवा. मी तिच्या पाठीला पाठ लावली. घोंगड्यातून तिच्या हाडांचा ऊबदार दाब लागला. मी कोणाला टेकून बसले त्याला किती वर्षं झाली होती ते आठवून पाहिलं, आणि तो हिशेब सोडून दिला.

सवयीने मी चिंचोके काढले. पहिला चिंचोका उजव्या मुठीत पडला तसा पाठीमागून आवाज आला.

"ते काय वाजून राहिलं?"

"मी श्वास मोजते आहे."

"काऊन? कमी पडून राहिले का?"

तरीही मी त्या दिवशी मोजायचा प्रयत्न केला. जमेना. माझा श्वास आत येई तेव्हा तिचा बाहेर जाई, तिची पाठ माझ्या पाठीला हलकेच ढकले, आणि माझा आकडा कोणाच्या श्वासाचा ते कळेनासं होई. तेवढ्यात कुठेतरी फूल पडे. मोहाचं फूल जड असतं, रसाने भरलेलं. जमिनीवर पडतं तेव्हा बोटाने टिचकी मारावी तेवढा आवाज होतो. पुढचं कुठे पडेल ते सांगता येत नाही. एक डावीकडे, मग बराच वेळ काही नाही, मग तीन एकदम उजवीकडे. सगळीकडे तो उग्र गोड वास. उजेड वाढला की राखेच्या काळ्या वर्तुळात पिवळटसर फुलं एकेक करून दिसू लागत, जणू आत्ताच कोणी ठेवली.

मग उचलायचं काम. ते काम मला आवडलं, कारण त्याला सुरुवात आणि शेवट होता. म्हातारीला वाकवत नव्हतं. ती बसल्या जागेवरून काठीने दाखवी. "ते राहिलं. तिकडं. त्या मुळाखाली. नागपूरले डोळे नाई तपासत का?" पाचव्या दिवशी मी वहीत नोंद करायला गेले तर पानं उघडेनात. बोटांना लागलेल्या रसाने ती एकमेकांना चिकटली होती. जोर लावला तर फाटली. त्या हंगामात मी ध्यानाचे रकाने पुन्हा आखले नाहीत. आधी वाटलं होतं की नोंद नसेल तर बसणं मोडेल. पण पहाट झाली की पाय आपोआप बांधाकडे वळत. दिवसाचे उरलेले पाच तासही हळूहळू भरले, कारण दुपारी फुलं तिच्या अंगणात पसरायला मी जाऊ लागले आणि तिच्या शिव्या ऐकण्यात संध्याकाळ होई.

पण हजेरी मात्र चाराच्या वर जाईना. चैत्र लागला, साहेबांच्या येण्याला पंधरा दिवस उरले. मी म्हातारीला म्हटलं, "आता तर सगळ्यांना कळलं ना, मी झाड घेतलं नाही?"

"कवाचं कळलं. नदीवर मीच सांगतलं, मास्तरीन माह्या झाडाची राखनदार हाये मनून."

"मग मुली का येत नाहीत?"

तिने काठीने चारी दिशांना दाखवलं. पहिल्यांदाच मी माझ्या वर्तुळाबाहेर नीट पाहिलं. दूर दूर, प्रत्येक मोहाखाली एक काळं वर्तुळ, आणि प्रत्येक वर्तुळात आईबरोबर वाकलेली एक मुलगी. त्यातल्या तीन माझ्याच पटावरच्या.

"सकारी सकारी शाळा काऊन भरवते तू?" ती म्हणाली. "फूल काय तुह्या घंटेवर पडते?"

मी उन्हाळ्याची सकाळची शाळा भरवत होते, कारण सगळीकडे तशीच भरते. त्याच दिवशी मी घरोघर जाऊन सांगितलं की उद्यापासून शाळा बाराला. पहिल्या दुपारी नऊ मुली आल्या, चिकट हातांच्या, झोपेला आलेल्या. चौथ्या दुपारी तेरा. मी परवानगी मागायचं पत्र लिहिलं, पण सालेकशाला जाणारी गाडी मिळेपर्यंत ते माझ्या पेटीतच राहिलं. तेवढ्यात साहेबच आले, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, सकाळी साडेसातला.

पाटील त्यांना घेऊन बांधावर आला तेव्हा पहाटेची फुलं उचलून आम्ही दोघी पुन्हा पाठीला पाठ लावून बसलो होतो आणि माझे डोळे मिटलेले होते.

"बाई," साहेब म्हणाले, "शाळेला कुलूप आहे."

मी उठले. पदराने हात पुसायला गेले तर पदरच हाताला चिकटला. "शाळा बाराला भरते, साहेब."

"कोणाच्या हुकमाने?"

"माझ्याच. मुली सकाळी मोहावर असतात. बाराला येतात. आपण तोवर थांबलात तर दिसतील."

"मला दोनची गाडी धरायची आहे. आणि कामाच्या वेळी झाडाखाली झोपलेल्या मास्तरणीबद्दल मी काय लिहू, तेही सांगा."

मुर्रीच्या घराची मागची पडवी, शेवटचं ताट, सगळं एका क्षणात दिसलं. म्हातारी जागची हलली नाही. "मास्तरीन, त्या साहेबाले सांग, फुलावर उभा हाये."

साहेबांनी बूट उचलून खाली पाहिलं आणि बाजूला सरकले. तिथेही फुलं होती.

"बसा मना. उभं राहिलं तं चेंगरते."

पाटलाने मान खाली घातली. मला वाटलं आता संपलं. साहेब मात्र इकडेतिकडे पाहून, पँट सावरून, एका मुळावर बसले. विचारायला त्यांनी तोंड उघडलं तर म्हातारीने ओठांवर बोट ठेवलं. आधी त्यांनी दोनदा घड्याळ काढलं. मग काढलं नाही. बऱ्याच वेळाने एक फूल त्यांच्या गुडघ्यावर पडलं. ते त्यांनी चिमटीत धरून वास घेतला आणि हात लांब करून टोपल्यात टाकलं. आम्ही सगळे ऊन डोक्यावर येईपर्यंत तसेच होतो.

बाराला मी हजेरी घेतली. नावं जरा मोठ्यानेच वाचली. सोळा. साहेबांनी पुस्तकात लिहिलं: "शाळेची वेळ परवानगीशिवाय बदललेली आढळली. मुली हजर. शाळा चालू ठेवावी. मोहाच्या दिवसांत वेळ दुपारची ठेवण्यास हरकत नाही." निघताना ते म्हणाले, "त्या बाईंना सांगा, गाडी चुकली." ते रागाने म्हणाले नव्हते.

मी त्या गावात आणखी सहा वर्षं राहिले. दर फाल्गुनात आम्ही दोघींनी मिळून झाडलं. म्हणजे मी झाडलं आणि तिने राहिलेली पानं दाखवली. माझी गोंदियाला बदली झाली तेव्हा ती स्टेशनापर्यंत यायला निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत गेली, कारण पाय दुखत होते आणि रडणं तिला पसंत नव्हतं. "जा," ती म्हणाली. "तिकडं कोनाचं झाड झाडू नोको."

गोंदियाला माझ्या दोन खोल्या आहेत. मागे धानाची गिरणी, पुढे रस्ता. भाजीवाला हिंदीत ओरडतो, गाड्यांच्या शिट्ट्या पहाटेपासून चालू असतात. शाळा मोठी आहे, मदतनीस बायका आहेत, माझ्या याद्या आता दोन वह्यांत मावत नाहीत. रोज पहाटे मी भिंतीला पाठ लावून बसते. माझ्या दिवसातली ही एकच गोष्ट कोणत्याही यादीत नाही. एकटं वाटतं कधी कधी, आणि वाटून जातं. एवढंच की भिंत श्वास घेत नाही, हे मला अजून रोज नव्याने जाणवतं.

दोन वर्षांपूर्वी, माझ्या बदलीनंतरचा पहिला फाल्गुन यायच्या आधीच, म्हातारी गेली. पाटलाने माणूस पाठवून कळवलं. निरोपाचा दुसरा भाग असा होता: तिच्या झाडावर गावात कोणी हात टाकलेला नाही. शेवटचं मास्तरणीने झाडलं आणि मागे दुसरा धनी नाही, म्हणून झाड मास्तरणीचं धरतात. मास्तरणीने येऊन चार लोकांसमोर सांगावं, की झाड स्वतःकडे ठेवते की अमक्याला देते. तोवर तिथली फुलं गुरं खातात आणि अस्वलं खातात.

गरजू घरं तिथे पुष्कळ आहेत. फुलं वाया जाऊ देणं माझ्या स्वभावात नाही. सालेकशापर्यंत गाडीने एक सकाळ, पुढे बैलगाडी, मुक्काम एक, परत. मी सगळं लिहून काढलं आहे, गाडीच्या वेळांसकट. दोन फाल्गुन गेले. कामांच्या कागदावर पहिल्या ओळीत "झाड कोणाला, ते गावात जाऊन सांगणे" असं दर महिन्याला मी नव्याने उतरवते. त्यापुढे नाव लिहायची जागा अजून कोरी आहे.